कोल्हापूरच्या होलसेलरला निपाणीत बारवाल्यांसाठी टेस्टिंग ठेवता येतं का? जरा सविस्तर सांगतो

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. तुम्ही कोल्हापुरातल्या एका होलसेलरकडं सेल्सला आहात, मालकानं एक नवीन जिन आणि दोन वाइनी हातात घेतल्यात, आणि निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातल्या बारवाल्यांना आणि वाइनशॉपवाल्यांना एका संध्याकाळी बोलावून ते चाखायला द्यायचंय. हॉल म्हणून निपाणीबाहेर हायवेला लागून एक मंगल कार्यालय बघून ठेवलंय, बाटल्या मालकाच्या गाडीतनं बॉर्डरवरच्या कोगनोळीवरनं आणायच्या, कुणाकडनं एक रुपया घ्यायचा नाही. तुमचं म्हणणं असं की विक्रीच नाही म्हटल्यावर लायसन कशाला लागतंय, आणि ओळखीच्या दोघांनी ‘काय होत नाही, बिनधास्त करा’ असं सांगितलंय.

मी बेळगावात बार, लॉज, वाइनशॉप यांच्या एक्साइज लायसनचं कागदोपत्री काम बघतो, बरीच वर्षं झाली यात. आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो. तुम्ही लिहिलंय तसंच्या तसं हे अजिबात करू नका. यात मालकाची गाडी जाऊ शकते, मंगल कार्यालयवाला विनाकारण अडकतो, आणि नाव तुमचं लागतंय कारण त्या वेळी बाटल्यांपाशी उभे तुम्ही असणार, मालक नाही. पण टेस्टिंग करताच येत नाही असं पण नाही. करता येतं, फक्त वाट वेगळी आहे आणि ती वाट कुठली हे तुमच्या ब्रँडची कर्नाटकात काय स्थिती आहे त्यावर ठरतंय.

पहिलं म्हणजे ‘विक्री नाही’ हा मुद्दा मनातनं काढून टाका. बाकीच्या धंद्यात विक्री केली की नियम लागतात, दारूच्या धंद्यात तसं नसतंय. दारू बनवणं, राज्यात आणणं, एका जागेवरनं दुसऱ्या जागी नेणं, जवळ बाळगणं, विकणं आणि पिण्यासाठी जागा देणं, या सगळ्याला वेगवेगळी परवानगी असते आणि यातली एक जरी नसली तरी तेवढ्यावर केस होते. कर्नाटकात यासाठी १९६५ चा कर्नाटक अबकारी कायदा आहे, त्याखाली भारतीय आणि विदेशी मद्यविक्रीचे १९६८ चे नियम आहेत, आणि लायसनचे जे नंबर आपण रोज ऐकतो, सीएल-२, सीएल-७, सीएल-९, ते त्या नियमांतले. तुम्ही पैसे नाही घेतले तर फक्त विक्रीचं कलम बाजूला राहील, असं समजू की राहील. पण परराज्यातला माल विनापरवाना आणला, गाडीतनं नेला, हॉलमध्ये ठेवला, हे तीन गुन्हे उभेच राहतात. वर मंगल कार्यालयात लोकांना पाजलं तर सार्वजनिक ठिकाणी मद्यपानाचं १५-ए कलम आहेच, इकडच्या पोलिसांचं ते रोजच्या वापरातलं कलम आहे.

म्हणून मी माझ्या सगळ्या गिऱ्हाईकांना एकच प्रश्न विचारायला शिकवतो. ही बाटली या मिनिटाला कुणाच्या लायसनवर उभी आहे? कारखान्यातनं निघाल्यापासनं ग्लासात ओतेपर्यंत एक मिनिट पण असं नसावं की या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या प्लॅनमध्ये बघा, कोल्हापूरच्या गोडाऊनमध्ये बाटली तुमच्या मालकाच्या एफएल-१ वर, म्हणजे महाराष्ट्राच्या होलसेल लायसनवर आहे, तिथपर्यंत ठीक. गाडीत चढली की कुणाच्या? कोगनोळी ओलांडली की कुणाच्या? कार्यालयाच्या टेबलावर कुणाच्या? तिन्ही ठिकाणी उत्तर नाही, म्हणजे तिन्ही ठिकाणी तुम्ही उघडे आहात.

तुम्ही लिहिलंय की नेटवर वाचलं, होलसेलर लोक दुकानदारांसाठी टेस्टिंग ठेवतात आणि ते कायदेशीर आहे. वाचलेलं खोटं नाही, पण ते अमेरिकेचं आहे. तिथं १९३३ ला दारूबंदी उठल्यावर बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्यांची पद्धत बसवली, बनवणारा वेगळा, होलसेलर वेगळा, किरकोळ विकणारा वेगळा, आणि होलसेलर हा खासगी धंदेवाला. त्यानं दुकानदाराला सॅम्पल किती द्यायचं हे पण त्यांच्या केंद्राच्या नियमात लिहिलेलं आहे, ज्या दुकानदारानं मागच्या १२ महिन्यांत तो ब्रँड घेतलेला नाही त्यालाच द्यायचं, आणि एका ब्रँडची वाइन किंवा स्पिरिट ३ लिटरपेक्षा जास्त नाही. वर प्रत्येक राज्याचे नियम आणखी वेगळे. आता हे वाचून निपाणीत टेस्टिंग ठेवायचं म्हणजे काही खरं नाही, कारण तिथल्या होलसेलरची जी जागा आहे ती कर्नाटकात खासगी माणसाला मोकळीच नाही.

हाच खरा मुद्दा आहे आणि तुमच्या प्रश्नात तो आलेलाच नाही. कर्नाटकात २००३ पासनं दारूचा होलसेल धंदा सरकारच्या एका कंपनीकडं आहे, कर्नाटक स्टेट बेव्हरेजेस कॉर्पोरेशन, आपण केएसबीसीएल म्हणतो. कारखान्यातनं माल त्यांच्या डेपोला येतो आणि डेपोतनं इंडेंट, म्हणजे मागणी टाकून बारवाला, दुकानदार, क्लब, हॉटेल सगळे उचलतात. निपाणीच्या बारवाल्याला तुमच्या मालकाची जिन कितीही आवडली तरी तो तुमच्या मालकाकडनं एक क्वार्टर पण विकत घेऊ शकत नाही. घेतली तर त्याचं लायसन जातंय. मग मला सांगा, ह्या टेस्टिंगचा उपयोग काय? कोल्हापूरच्या होलसेलरनं कर्नाटकातल्या बारवाल्यांना माल चाखायला देणं म्हणजे एक्साइजच्या डोळ्यात सरळ सरळ एकच अर्थ होतो, की हा माणूस बॉर्डरपलीकडनं माल पुरवायची लाइन लावतोय. तुमच्या मनात तसं नसेल, मला खात्री आहे नसेल, पण समोरच्या इन्स्पेक्टरला तुमचं मन दिसत नाही, त्याला महाराष्ट्राचं लेबल दिसतंय.

इथं कुणीतरी म्हणेलच की धंदा करणं हा आमचा हक्क आहे, सरकारनं अडवायचं काय कारण. या वादाचा निकाल लागून बरीच वर्षं झाली. खोडे डिस्टिलरीज विरुद्ध कर्नाटक राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १९९४ ला सांगितलंय की पिण्याच्या दारूचा धंदा करणं हा मूलभूत हक्क नाही, सरकार तो पूर्ण बंद करू शकतंय, स्वतःच्या हातात ठेवू शकतंय, किंवा लायसन देऊन अटी घालू शकतंय. आणि दारू हा विषय राज्यांच्या यादीत असल्यानं अटी पण प्रत्येक राज्याच्या आपापल्या. आमच्या इथं बॉर्डरवर राहणाऱ्यांना हे रोज अंगवळणी पडलेलं असायला पाहिजे पण पडत नाही, कारण पाहुणे तिकडं, शेत इकडं, बाजार तिसरीकडं, आपल्याला कोगनोळी म्हणजे टोलनाका वाटतो. एक्साइजच्या बाबतीत ती हद्द एकदम पक्की आहे.

नावांचा एक घोळ पण आत्ताच मिटवतो, कारण कोल्हापूरकडच्या लोकांची यात गल्लत होते. तुमच्याकडं सीएल-३ म्हटलं की देशी दारूचं दुकान. आमच्याकडं सीएल हे इंग्लिश दारूच्या लायसनला लागतंय. सीएल-२ म्हणजे वाइनशॉप, फक्त पार्सल. सीएल-९ म्हणजे बार. सीएल-७ म्हणजे लॉजिंग असलेलं हॉटेल आणि त्याचा बार. सीएल-६ए स्टार हॉटेल. सीएल-४ क्लब. सीएल-८ मिलिटरी कॅन्टीन. सीएल-११सी म्हणजे एमएसआयएल या सरकारी कंपनीची दुकानं. आणि सीएल-५ म्हणजे कार्यक्रमापुरतं तात्पुरतं लायसन, त्याच्याबद्दल पुढं बोलतो. तुमच्या मालकाचं एफएल-१ इकडच्या कुठल्याच कागदात बसत नाही, ते दाखवून इकडं काही उपयोग नाही. वर्ष पण वेगळं चालतंय, तुमचं एप्रिल ते मार्च, आमचं १ जुलै ते ३० जून, त्यामुळं मे-जूनमध्ये काही ठरवत असाल तर इकडचं रिन्यूअल डोक्यात ठेवा.

आता वाटा बघू.

पहिली आणि सगळ्यात चांगली वाट अशी, की टेस्टिंग तुमच्या मालकानं ठेवायचंच नाही. ब्रँड ज्या कंपनीचा आहे तिनं ठेवायचं, आणि ते सुद्धा कर्नाटकात माल आल्यावर. क्रम असा आहे: कंपनीनं त्या लेबलची कर्नाटक एक्साइजकडनं मंजुरी घ्यायची, ती दर अबकारी वर्षाला लागते, मग केएसबीसीएलकडं ब्रँड आणि दर नोंदवायचा, मग डेपोला माल येणार, मग एखादा सीएल-७ किंवा सीएल-९ वाला किंवा स्टार हॉटेल त्या मालाचा इंडेंट टाकून बिलावर उचलणार. आता बाटली त्या हॉटेलच्या लायसनवर उभी आहे. त्या हॉटेलच्या बारमध्ये बारवाल्यांना बसवा, हॉटेल नेहमीप्रमाणं सर्व्ह करील, बिल कंपनी हॉटेलला देईल. याला वेगळी जादू लागत नाही, हॉटेलमध्ये एका पार्टीनं दुसऱ्यांना पाजलं एवढंच ते आहे. कंपनीचा माणूस उभा राहून जिनबद्दल काय बोलायचं ते बोलू दे.

बघायला सोपं वाटतंय पण यात एक जागा आहे जिथं चांगले चांगले घसरतात, म्हणून इथं जरा थांबतो. लायसन हॉटेलच्या नावाला मिळत नाही, ते नकाशात दाखवलेल्या जागेला मिळतं. प्रत्येक बारच्या फाइलमध्ये मंजूर ब्लूप्रिंट असते, त्यात काउंटर कुठं, बसायची जागा कुठं, स्टॉक रूम कुठं, चतुःसीमा काय, हे सगळं आखलेलं असतंय. आता टेस्टिंग म्हटलं की सगळ्यांना लॉन पाहिजे, टेरेस पाहिजे, वरचा बँक्वेट हॉल पाहिजे, कारण बार अंधारा असतो आणि फोटो चांगले येत नाहीत. आणि तो हॉल बऱ्याच वेळा ब्लूप्रिंटमध्ये नसतोच, हॉटेल बांधताना नंतर वाढवलेला असतो. हॉटेलवाला तोंडानं सांगतो, ‘होय की, आमचंच आहे सगळं, लायसन आहे.’ इमारत त्याचीच आहे, पण लायसन तेवढ्या खोलीला नाही. अशा एका हॉलमध्ये तपासणी झालेली मी समोर उभं राहून बघितली आहे, बेळगाव शहरातलंच हॉटेल. इन्स्पेक्टरनं दारू कुठली, पाहुणे कोण, काहीच विचारलं नाही. मॅनेजरला फाइल आणायला लावली, ब्लूप्रिंट टेबलावर पसरली, बोटानं बारची भिंत दाखवली, मग जिना, मग बोट कागदाच्या बाहेर नेऊन म्हणाला, ‘आपण आत्ता इथं उभे आहोत.’ माल सगळा डेपोचा, बिलाचा, एक बाटली खोटी नव्हती, तरी केस झाली. म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी ब्लूप्रिंट स्वतःच्या डोळ्यानं बघा. मॅनेजरच्या शब्दावर जाऊ नका, त्याला बऱ्याच वेळा स्वतःला ठाऊक नसतंय.

दुसरी वाट सीएल-५ ची. लग्नकार्य, पार्टी, कार्यक्रम यासाठी तात्पुरतं लायसन मिळतंय, त्या दिवसापुरतं आणि त्या जागेपुरतं. तुम्ही बघितलेलं मंगल कार्यालय वापरायचंच असेल तर हाच कागद लागणार. पण यात तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, हे लायसन मिळालं म्हणजे कुठलाही माल आणायची मुभा मिळाली असं नाही, माल कर्नाटकातल्याच अधिकृत ठिकाणचा पाहिजे आणि त्याचं बिल त्या टेबलापाशी पाहिजे, कोल्हापूरच्या बाटल्या सीएल-५ असून पण चालणार नाहीत. दोन, जागेचा मालक तयार पाहिजे. मंगल कार्यालयं बरीच देवस्थानच्या ट्रस्टची किंवा समाजाची असतात, शेजारी शाळा असते, देऊळ असतंय, आणि हायवेच्या बाजूला असेल तर अंतराचा विषय वेगळा निघतो. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे, हायवेपासनं ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, मार्च २०१७ ला लहान गावाच्या हद्दीत ते २२० मीटर झालं, पुढं नगरपालिका हद्दीला त्यात सूट मिळाली. तुमचं कार्यालय हद्दीच्या आत का बाहेर यावर बरंच अवलंबून आहे. तीन, कार्यक्रम काय लिहिणार? वाढदिवस लिहून टेस्टिंग करायचं असं कुणीतरी तुम्हाला सुचवणार, नक्की सुचवणार. करू नका. अर्जात जे आहे तेच हॉलमध्ये दिसलं पाहिजे.

तिसरी वाट म्हणजे टेस्टिंग कोल्हापुरातच ठेवा. तुमच्या मालकाचा मूळ अधिकार तिकडं आहे. अर्थात तिकडं पण तो गोडाऊनमध्ये ग्लास मांडू शकत नाही, एफएल-१ हे लायसनवाल्यांना माल द्यायचं आहे, पाजायचं नाही. त्यामुळं माल बिलावर एखाद्या परमिट रूमला, म्हणजे एफएल-३ ला जाणार आणि टेस्टिंग परमिट रूममध्ये होणार. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, पिणाऱ्याकडं परमिट लागतंय, एक दिवसाचं मिळतंय, ते प्रत्येक पाहुण्याचं फाडून घ्या, पाच-दहा रुपयाचा विषय आहे पण लोक टाळतात. वयाची अट पण कडक, स्पिरिटला २५ आणि माइल्ड बिअर, वाइनला २१. बेळगावचे बारवाले गाडी करून कोल्हापूरला आले, चाखलं, जेवले, गेले, यात अडचण काही नाही. अडचण जाताना सुरू होते. कुणाच्या हातात ‘घरी घेऊन जावा’ म्हणून बाटली दिलात की कोगनोळीपलीकडं तो गुन्हेगार झाला. त्यातनं तो स्वतः लायसनवाला असेल तर त्याचं दुप्पट नुकसान. गिफ्ट द्यायचंच असेल तर ग्लासचा सेट द्या, ओपनर द्या.

पण परत तेच सांगतो, तिकडं टेस्टिंग करून इकडचा बारवाला गिऱ्हाईक होणार नाही, तो ब्रँड केएसबीसीएलला असला तरच होणार. म्हणून मालकाला आधी विचारा, ही जिन आणि या वाइनी कर्नाटकात नोंदवल्यात का? नोंदवल्या असतील तर कंपनीचा कर्नाटकातला माणूस वेगळा असणार, त्याला फोन लावा, तो पहिल्या वाटेनं टेस्टिंग करील आणि तुम्ही पाहुणे म्हणून जावा. नोंदवल्या नसतील तर निपाणीच्या बारवाल्यांना चाखवून काय करणार? आधी कंपनीनं लेबल मंजूर करून घेऊ दे.

सॅम्पल बाटलीबद्दल पण लोकांच्या मनात गैरसमज आहे. ‘सॅम्पल, विक्रीसाठी नाही’ असं चिकटवलं म्हणजे बाटली मोकळी झाली असं वाटतंय. असं काही नसतंय. ड्युटी भरलेली नसेल तर ती अवैधच. बाटली हातात घेऊन बघायची सवय लावा. आधी मान, टोपणावर एक्साइजची पट्टी आहे का, फाटलेली किंवा परत चिकटवलेली नाही ना. मग फिरवून मागचं लेबल, कुठल्या राज्यात विक्रीसाठी आहे ते तिथं छापलेलं असतंय, बॅच नंबर असतो, आणि एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमाप्रमाणं मद्यपान आरोग्यास घातक असल्याची आणि पिऊन गाडी न चालवायची सूचना असते. मग तो बॅच नंबर बिलाशी जुळवा. ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि तपासणीला येणारा माणूस पण नेमकं हेच आणि याच क्रमानं बघतो.

बेळगाव म्हटल्यावर आणखी दोन बाटल्यांचं सांगायलाच पाहिजे. एक गोव्याची. चोर्ल्यातनं कणकुंबीवरनं, किंवा अनमोडकडनं गोव्याचा माल येतोय हे इथल्या पोरांना पण ठाऊक आहे, स्वस्त पडतंय म्हणून टेस्टिंगला ‘तुलना करायला’ एक-दोन गोव्याच्या बाटल्या ठेवू असं कुणाच्या तरी डोक्यात येतंय. एक बाटली ठेवली तरी सगळं टेस्टिंग त्या बाटलीच्या नावानं ओळखलं जाईल. अबकारी कायद्याच्या ३२ आणि ३४ कलमाखाली ज्या केसेस आमच्याकडं रोज होतात त्यातल्या ढीगभर याच मालाच्या असतात आणि गाडी जप्त होते ती वेगळीच, सोडवताना दमछाक होते. दुसरी कॅम्पमधली, मिलिटरी कॅन्टीनची. ती जवानाच्या, माजी सैनिकाच्या स्वतःच्या वापरासाठी सवलतीत मिळालेली असते. कुणी सुभेदार साहेब मायेनं दोन बाटल्या देतीलही, पण टेबलावर आणून ठेवू नका, त्यांच्या कार्डवर पण बालंट येतंय.

आता जागा पक्की झाली, माल पक्का झाला, समजा. कार्यक्रमाच्या दिवशी काय बघायचं? पाहुण्यांची यादी नावानिशी आणि लायसन नंबरसकट करा, दारात सही घ्या. ज्यांना बोलावलंय तेच आत. बारवाल्यांची पोरं बरोबर येतात, ‘आता धंदा हाच बघतोय’ म्हणून, त्यांचं वय बघा. कर्नाटकात १८ का २१ हा घोळ आहे, कायद्याच्या कलमात एक आणि लायसनच्या सर्वसाधारण अटींत दुसरं, २०२३ ला सरकारनं १८ करायचा प्रस्ताव आणला आणि विरोध झाल्यावर मागं घेतला. त्यामुळं २१ हाच आकडा धरा, लायसनवर आच येते ती या आकड्यावर.

प्रमाण लहान ठेवा. टेस्टिंगला पेग भरायची गरज नसते, जिनचे १०-१५ मिली खूप झाले, वाइन त्याच्या दुप्पट. चूळ भरून टाकायला भांडी ठेवा, प्यायचं पाणी भरपूर ठेवा, आणि जेवण आधी सुरू करा, नंतर नको. आमच्या भागात चाखणं म्हणजे काय हेच लोकांना पटत नाही, बोलावलंय म्हणजे पोटभर असं धरूनच येतात, त्यामुळं आमंत्रणातच स्पष्ट लिहा. हे मी कायद्यासाठी तर सांगतोच, पण त्याहून जास्त रस्त्यासाठी सांगतोय. निपाणी-बेळगाव हायवे रात्री कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे, ट्रक थांबत नाहीत, आणि तवंदी घाटाचा उतार चांगल्या शुद्धीतल्या माणसाला पण चुकवतो. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाचं जाऊ दे. तुम्ही बोलावलेला माणूस घरी पोचला पाहिजे. पाहुण्यांसाठी ड्रायव्हरसकट टेम्पो ट्रॅव्हलर करा, हॉलच्या खर्चात तेवढा खर्च धराच, नाहीतर टेस्टिंग दुपारी ठेवा आणि ड्रायव्हर आणायला सांगा. माझ्या मते ज्याला हा खर्च परवडत नाही त्यानं टेस्टिंग ठेवूच नये.

शिल्लक माल हा पण दुर्लक्षित विषय. संपल्यावर अर्ध्या बाटल्या कुणीतरी डिकीत टाकतोच. नको. ज्या लायसनवर माल आला त्याच लायसनच्या रजिस्टरमध्ये उघडलेल्या बाटल्या, संपलेल्या बाटल्या, शिल्लक बाटल्या, सगळं त्याच रात्री लिहायला लावा. सकाळी लिहू म्हटलं की राहिलंच.

जाहिरात अजिबात नको. कमानीवर बॅनर, चौकात फ्लेक्स, ब्रँडच्या नावाचा स्टेटस, काही नको. दारूची थेट किंवा आडून जाहिरात टीव्हीवर १९९४ च्या केबल नियमांनी बंद आहे, आणि सोडा, म्युझिक सीडी असं दाखवून आडून करायची जी पद्धत होती तिच्यावर केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत बंदी घातलीय. आमंत्रण एकेका बारवाल्याला नावानं पाठवा, ग्रुपवर टाकलं की ते गावभर जाणार आणि हॉलच्या दारात नको ती गर्दी येणार.

आणि तारीख. २ ऑक्टोबर, निवडणुका हे दारूबंदीचे दिवस तर आलेच, मतदान संपायच्या आधीचे ४८ तास १९५१ च्या लोकप्रतिनिधी कायद्याच्या १३५-सी कलमानं विक्री, वाटप सगळं बंद, ‘वाटप’ हा शब्द त्यात आहे म्हणजे फुकटचं टेस्टिंग पण आलं. बॉर्डरवर यात एक जादाची भानगड असते, मतदान कोल्हापूर जिल्ह्यात असलं तरी लागून असलेल्या कर्नाटकच्या पट्ट्यात बंदीचे आदेश निघतात, तसंच उलट. शिवाय गणपती विसर्जन, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव अशा वेळी डीसींचे स्थानिक आदेश येतात. इथं डीसी म्हणजे जिल्हाधिकारी, एक्साइजचे डीसी वेगळे, फोन कुणाला लावताय ते बघून लावा. हॉलचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी तारीख एक्साइज ऑफिसात विचारून घ्या.

वाइनपुरतं एक वेगळं सांगतो, कारण तुमच्याकडं दोन वाइनी आहेत. कर्नाटकात २००७ पासनं वेगळं वाइन धोरण आहे, विजापूर, बागलकोट, बेळगाव इकडचा द्राक्षपट्टा डोळ्यासमोर ठेवून केलेलं, आणि वाइन बोर्डानं चाखायला देणारे मेळे भरवलेले आहेत. म्हणजे वाइनला सरकारचा हात जरा मऊ आहे. तुमच्या वाइनी महाराष्ट्रातल्या असतील तर त्यांना पण लेबल मंजुरी आणि परमिट लागणारच, पण एकदा त्या कर्नाटकात आल्या की अशा मेळ्यात स्टॉल घेणं हे स्वतः टेस्टिंग ठेवण्यापेक्षा कितीतरी सोपं आणि स्वस्त पडतंय. मी तर म्हणेन मालकानं ही मेळ्याची वाट कंपनीला सुचवावी, जिनचं नंतर बघावं.

वाइनशॉपमध्येच काउंटरवर थोडं थोडं चाखायला देऊ का, असं पण तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. सीएल-२ आणि एमएसआयएल दोन्ही फक्त पार्सल, तिथं जागेवर एक थेंब पण ओतायचा नाही. गावाकडं दुकानासमोर उभं राहून दारूचं पाकीट पिणारे रोज दिसतात, ते दिसतात म्हणून ते चालतं असं नाही, आणि धाड पडली की भरतो दुकानदार.

शेवटी करायचं काय ते सांगतो. मालकाशी बोलून आधी ब्रँडची कर्नाटकातली नोंदणी विचारा. असेल तर कंपनीच्या माणसाला घेऊन सीएल-७ वालं हॉटेल बघा, ब्लूप्रिंट बघा, आणि एक्साइज ऑफिसला एक साधं पत्र द्या: तारीख, वेळ, जागा, कुठले ब्रँड, किती बाटल्या, डेपोच्या बिलाची प्रत, पाहुण्यांची यादी. पत्र कन्नडमध्ये लिहून घ्या, चांगला टायपिस्ट निपाणीत कोर्टाबाहेर मिळतोय, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासनं हलू नका. ती पोच कार्यक्रमाच्या दिवशी मॅनेजरकडं न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवा. नोंदणी नसेल तर कोल्हापुरातलीच परमिट रूम बघा आणि निपाणीच्या लोकांना तिकडं बोलवा. ब्रँडचं नाव न लिहिता एवढं कळवा की जिन कुठल्या राज्यात बनते आणि लेबलवर कुठल्या राज्यासाठी छापलंय, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.